डेस्कटॉपचं वायफाय सारखं तुटतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामात लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं विंडोज १० आणि ११ वरची आहेत, कारण घरोघरी बहुतेक तेच असतं. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. घाई असेल तर आधी प्रश्न २ वाचा. ती चाचणी केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका, ही कळकळीची विनंती.

१. मोबाइलवर, टीव्हीवर नेट व्यवस्थित चालतं. फक्त डेस्कटॉपवरच का तुटतं?

मोबाइल हातात असतो. सिग्नल कमी झाला की आपण नकळत दोन पावलं सरकतो. डेस्कटॉप मात्र जिथे ठेवला तिथे ठेवला. त्यातही तो बहुधा टेबलाखाली, कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून असतो आणि अँटेना नेमका त्या पाठीलाच असतो. राउटरकडून येणाऱ्या लहरींना आधी कॅबिनेटचा पत्रा आडवा येतो, मग टेबलाची फळी, कधी शेजारचं लोखंडी कपाट. पत्र्यातून वायफाय आरपार जात नाही. वळसा घालून, भिंतींवर आपटून जेवढं पोचेल तेवढंच पोचतं.

खात्री करायची तर मोबाइल टेबलावर ठेवून बघू नका. खाली वाका, कॅबिनेटमागच्या फटीत अँटेनाच्या उंचीवर मोबाइल धरा आणि तिथे स्पीड टेस्ट लावा. तिथे मोबाइललाही धाप लागली, तर कॉम्प्युटरची चूक नाही, जागेची आहे. कॅबिनेट टेबलावर घ्या, निदान त्याची पाठ खोलीच्या मोकळ्या बाजूला वळवा. ते जमत नसेल तर प्रश्न ३ मधला तारेचा अँटेना लावा.

२. नेट जातं तेव्हा दोष नक्की कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

नेट तुमच्यापर्यंत दोन टप्प्यांत येतं. बाहेरून राउटरपर्यंत वायरने, आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत हवेतून. कोणता टप्पा तुटतोय हे कळलं की अर्धं काम झालं.

स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्या आणि ‘डीफॉल्ट गेटवे’समोरचा आकडा टिपून घ्या. तो राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवा. एकीत ‘पिंग’ (ping), मग राउटरचा पत्ता, शेवटी उणे चिन्ह आणि त्याला चिकटून टी. दुसरीत तसंच, पण पत्ता ८.८.८.८, हा घराबाहेरचा, गूगलचा सर्व्हर. दोन्ही चालू ठेवून तुमचं नेहमीचं काम करा. नेट अडकलं की लगेच दोन्हीकडे नजर टाका.

राउटरची उत्तरं १ ते ५ मिलिसेकंदांत शांतपणे येत आहेत आणि ८.८.८.८ गप्प आहे, तर तुमचं वायफाय ठीक आहे. दोष राउटरच्या पलीकडे आहे. नेट पुरवणाऱ्याला फोन करा. राउटरच तीनशे-चारशे मिलिसेकंद घेतोय किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणतोय, तर दोष घरातच आहे आणि पुढचे प्रश्न तुमच्यासाठी आहेत. दोघंही उत्तरं देत आहेत पण ब्राउझर अडलाय, तर थेट प्रश्न ९ वर जा.

एका निवृत्त शिक्षकांनी माझ्याकडे येण्याआधी दोन डोंगलं, म्हणजे यूएसबीत लावायची वायफायची उपकरणं, बदलली होती. त्यांच्या घरी जाऊन ही चाचणी लावली, तेव्हा राउटर एका मिलिसेकंदात उत्तर देत होता आणि बाहेरचं सगळं बंद. कपाट सरकवलं तर मागे फायबरची पिवळी बारीक वायर काटकोनात दुमडलेली. कपाटाचं दार उघडताना ती दाबली जायची आणि फायबरच्या डब्यावरचा ‘एलओएस’ हा सिग्नल तुटल्याचा लाल दिवा लागायचा. दोन्ही डोंगलं चांगली होती.

३. दुकानदार म्हणाला ‘वायफायवाला मदरबोर्ड’ आहे, तरी सिग्नलची एकच कांडी दिसते. फसवलं का?

नाही. कॅबिनेटच्या मागे सोनेरी रंगाचे, आटे असलेले दोन छोटे खुंट दिसतात का बघा. ते उघडे असतील तर अँटेना लावायचाच राहिला आहे. मदरबोर्डच्या खोक्यात तळाशी पिशवीत तो असतो आणि खोकं माळ्यावर गेलेलं असतं. त्याच्याशिवाय कार्ड बंद पडत नाही, शेजारच्या खोलीतलं थोडंफार पकडतं. म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही खुंटांना दोन्ही अँटेना लावा, बोटांनीच घट्ट करा, पक्कड नको.

दांडीसारखा अँटेना राउटरकडे भाल्यासारखा रोखून ठेवू नका. त्याची ताकद टोकातून नव्हे, दांडीच्या चहूबाजूंना पसरते. एकाच मजल्यावर राउटर असेल तर दांडी उभी ठेवायची. कॅबिनेट टेबलाखाली असेल तर मीटरभर तार असलेला, चुंबकी बुडाचा अँटेना मिळतो. तो टेबलावर, भिंतीपासून थोडा दूर ठेवा.

आणखी एक. ‘कॉम्प्युटर साफ करून आणला आणि तेव्हापासून सिग्नल पडला’ अशी तक्रार असेल, तर आतल्या कार्डावरची केसासारखी बारीक वायर निघालेली असण्याची दाट शक्यता आहे. तिचं टोक मुगाच्या दाण्याएवढं असतं आणि ‘टक’ असा आवाज होईपर्यंत सरळ दाबावं लागतं. तिरकं दाबलं तर ते चेपतं. सवय नसेल तर ज्याने साफ केला त्याच्याकडूनच करून घ्या.

४. यूएसबी डोंगल घ्यावं की आत बसवायचं कार्ड?

कॅबिनेट उघडता येत असेल आणि मदरबोर्डवर जागा असेल तर कार्ड. नखाएवढ्या डोंगलात अँटेनाही नखाएवढाच असतो आणि तो कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटून बसतो. डोंगलच घ्यायचं असेल तर बाहेर दांडी असलेलं घ्या आणि एक्स्टेन्शन वायरवर लावा. कारण प्रश्न ५ मध्ये आहे. खोक्यावर फक्त ‘१५० एमबीपीएस’ लिहिलेली स्वस्त डोंगलं वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी (बँडपैकी) बहुधा २.४ च पकडतात. ‘ड्युअल बँड’, म्हणजे दोन्ही पट्टे, असं लिहिलंय का ते पाहून घ्या.

५. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावली की वायफाय मंदावतं. योगायोग आहे का?

योगायोग नाही. यूएसबी ३ चं पोर्ट सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने काम करतं आणि त्या धावपळीत रेडिओचा जो गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. त्याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ आणि बिनवायरचा माउसही असतो. कानाशी मिक्सर चालू असताना पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही, तसं डोंगलचं होतं.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मुलाची तक्रार होती की नेट ‘मनाला येईल तेव्हा’ जातं. त्याच्याकडे तासभर बसलो. फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लागला की व्हिडिओ कॉल गोठायचा, माउस अडखळायचा. कॉपी संपली की दोन्ही सुरळीत. डोंगल डिस्कच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये होतं. मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावून ते मॉनिटरच्या वर चिकटवलं आणि प्रश्न मिटला.

तुम्हीही तेच करा. एक्स्टेन्शन नसेल तर डोंगल डिस्कपासून लांबच्या, काळ्या रंगाच्या पोर्टमध्ये लावा. निळं पोर्ट साधारणपणे यूएसबी ३ चं असतं. राउटर आणि डोंगल दोन्ही ५ गिगाहर्ट्झवाले असतील तर त्यावर गेलं की हा गोंगाट आडवा येतच नाही.

६. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झपैकी कॉम्प्युटर कशाला जोडू? आणि चॅनेल कोणतं ठेवू?

राउटर त्याच किंवा शेजारच्या खोलीत असेल तर ५. मध्ये दोन-तीन जाड भिंती असतील तर २.४. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्याच्या घरात किंवा जुन्या वाड्यातल्या हातभर रुंद भिंतीमागे ५ गिगाहर्ट्झ लवकर दम तोडतं. फ्लॅटमध्ये मात्र उलटं दुखणं असतं. नेटवर्कची यादी उघडली की शेजाऱ्यांची वीस नावं दिसतात आणि त्यातली बरीचशी २.४ वर दाटीवाटीने बसलेली असतात.

चॅनेल म्हणजे त्या पट्ट्यातली एकेक गल्ली. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेलं तीनच आहेत, १, ६ आणि ११. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझरसारखं अ‍ॅप टाका, तिघांपैकी कमी गर्दीचं बघा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये ते कायम करा. गर्दी टाळायला म्हणून ३ किंवा ८ घेऊ नका, दोन्हीकडचा त्रास होतो. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० वर वेग वाढल्यासारखा वाटतो, पण दाट वस्तीत तुटणंही वाढतं.

दोन्ही बँडना एकच नाव असेल तर कॉम्प्युटर कधी याला तर कधी त्याला चिकटतो, आणि त्या उड्या मारताना नेट गेल्यासारखं वाटतं. राउटरमध्ये ‘स्मार्ट कनेक्ट’ बंद करून दोघांना वेगळी नावं द्या. जागेवरून न हलणाऱ्या डेस्कटॉपसाठी मला हेच योग्य वाटतं. जेवणाच्या वेळीच नेट जात असेल तर मायक्रोवेव्ह ओव्हनकडे बघा, तोही २.४ च्याच पट्ट्यात चालतो.

७. कॉम्प्युटर स्लीपमधून उठवला, किंवा थोडा वेळ तसाच ठेवला, की वायफाय जातं.

वीज वाचवायला विंडोज वायफायचं अ‍ॅडॅप्टर, म्हणजे कार्ड किंवा डोंगल, झोपवतं आणि काही अ‍ॅडॅप्टर नीट जागे होत नाहीत. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’मध्ये वायफायच्या नावावर दोनदा क्लिक करा, ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये पहिल्या चौकोनातली खूण काढा. हा भाग काही मशिनवर दिसतच नाही. मग कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘वायरलेस अ‍ॅडॅप्टर सेटिंग्ज’ असतील तर त्या ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’वर ठेवा. डोंगल असेल तर तिथेच ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करा. डेस्कटॉपला बॅटरी नसते, त्यामुळे ही बचत सोडून दिल्याने काही बिघडत नाही.

८. शट डाउन करून पुन्हा चालू केलं तरी वायफायचा पर्यायच दिसत नाही. रीस्टार्ट केल्यावर कधीकधी येतो. असं कसं?

‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं. विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर (कार्डासारखे भाग चालवणारी सॉफ्टवेअरं) यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. कालची अडकलेली गाठ आजही तशीच. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा.

रीस्टार्टनेही अ‍ॅडॅप्टर दिसत नसेल तर कॉम्प्युटर बंद करून भिंतीचं बटण बंद करा, पॉवर केबल काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. भिंतीचं बटण चालू असताना मदरबोर्डवर ५ व्होल्टचा पुरवठा सुरूच असतो आणि कार्ड त्यावर अडकून राहू शकतं. इतकं करूनही मिळालं नाही तर कार्ड काढून पुन्हा नीट बसवा.

९. वायफाय जोडलेलं दिसतं, पण पानंच उघडत नाहीत.

तीन गोष्टी याच क्रमाने बघा.

‘आयपीकॉन्फिग’मध्ये तुमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक लावून घेतला आहे. वायफाय तोडून जोडा, राउटर रीस्टार्ट करा.

पत्ता ठीक असेल आणि ८.८.८.८ ला पिंग जात असेल, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा रुसली आहे. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस हाताने १.१.१.१ आणि ८.८.८.८ असं भरा.

तिसरी गोष्ट जुन्या डेस्कटॉपवर हमखास सुटते. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, संपला की भिंतीचं बटण बंद करताच घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटला ‘कनेक्शन खाजगी नाही’ म्हणून अडवतो आणि घरात सगळे वायफायला दोष देतात. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. रोज सकाळी तारीख चुकत असेल तर दुसरं काही शोधू नका.

१०. लाइट जाऊन आली की कॉम्प्युटर वायफाय पकडत नाही.

फायबरचा डबा आणि राउटर यांना उठायला काही मिनिटं लागतात. कॉम्प्युटर त्याआधीच तयार होतो. पाच मिनिटं थांबा. त्यातही २.४ आलं आणि ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसत नसेल तर तुमचा राउटर ५२ ते १४४ मधल्या एखाद्या चॅनेलवर असू शकतो. या पट्ट्यात रडारही असतात, म्हणून अनेक राउटर तिथे आधी किमान एक मिनिट कान देऊन ऐकतात आणि मगच बोलतात. ३६ ते ४८ पैकी चॅनेल ठेवा.

राउटर इन्व्हर्टरवर असूनही लाइट जाताना नेट तुटत असेल, तर बदलाच्या त्या क्षणात राउटर रीस्टार्ट होतोय. त्याचे दिवे बघा, सगळे विझून लागतात का. तसं असेल तर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस लावा, पण आधी तुमच्या राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा.

११. ड्रायव्हर टाकायचाय, पण ड्रायव्हर उतरवायला नेटच नाही.

अँड्रॉइड मोबाइल डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाइलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. बहुतेक मोबाइल स्वतः ज्या वायफायला जोडलेले असतात तेच पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. ड्रायव्हर मदरबोर्डच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणारी सॉफ्टवेअरं टाळा.

विंडोज अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर उलट दिशेने जा. डिव्हाइस मॅनेजर, अ‍ॅडॅप्टर, ‘ड्रायव्हर’, मग ‘रोल बॅक’. आणि डोंगल लावल्यावर फक्त सीडी ड्राइव्ह दिसत असेल तर घाबरू नका, त्याचा ड्रायव्हर त्या ‘सीडी’तच आहे. तो टाकला की डोंगल आपलं खरं रूप घेतं.

१२. नेट रात्री तुटतं. मी समोर नसतो, मग कारण कसं कळणार?

कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा आणि ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ (netsh wlan show wlanreport) ही आज्ञा द्या. विंडोज गेल्या तीन दिवसांची हकिगत एका पानात लिहून देतं. कधी जोडलं, कधी तुटलं, का तुटलं. लाल खुणांवर क्लिक करा. प्रत्येक वेळी स्लीपनंतरच तुटत असेल तर प्रश्न ७.

१३. स्पीड टेस्ट शंभर दाखवते, तरी मीटिंगमध्ये आवाज तुटतो. गेममध्येही झटके बसतात.

स्पीड टेस्ट किती पाणी येतं ते सांगते, धार सलग आहे का ते सांगत नाही. प्रश्न २ मधलं राउटरचं पिंग लावा आणि आकडे खाली सरकताना बघा. ३, ४, ३, मग एकदम २५०, परत ४ असं होत असेल तर तुमची मीटिंग त्या २५० वर अडते.

घरात कोणाचा मोबाइल फोटोंचा बॅकअप चढवत असेल तर तो थांबवून बघा, कारण हवेतली वाट सगळ्यांची एकच आहे. झटके ठरावीक अंतराने येत असतील तर अ‍ॅडॅप्टर दुसरी नेटवर्कं हुंगत असतो. डिव्हाइस मॅनेजरमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ असेल तर ते सगळ्यात कमी ठेवा. डेस्कटॉपला कुठे फिरायचंय?

१४. रिपीटर घेऊ की मेश? राउटर हॉलमध्ये आहे, कॉम्प्युटर शेवटच्या खोलीत.

वायर टाकता येत असेल तर वायर टाका. हे उत्तर कोणाला आवडत नाही, तरी मी तेच देतो. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, आपलं घर तेवढं नसतं. दाराच्या चौकटीलगत पट्टीतून नेली तर दिसतही नाही. एकदा टाकली की या पानावरचे बहुतेक प्रश्न तुमच्यापुरते संपतात. सुताराचं किंवा रंगाचं काम निघणार असेल तर तेव्हाच टाकून घ्या.

भाड्याचं घर असेल, मालक नाही म्हणत असेल, तर मेश, म्हणजे एकमेकांना जोडलेले आणि मिळून एकच नेटवर्क देणारे दोन-तीन डबे. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. तरीही घेतलात तर कॉम्प्युटरच्या खोलीत लावू नका, तिथे त्यालाच सिग्नल मिळणार नाही. राउटर आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये लावा.

१५. जुन्या लॅपटॉपचं एम.२ वायफाय कार्ड डेस्कटॉपला बसवलं. बरोबर बसलं, पण कॉम्प्युटर ओळखतच नाही.

कार्डावरचा नंबर वाचा. इंटेलची एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही कार्डं अर्धीच असतात. त्यांचा उरलेला अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो, म्हणून ती एएमडीच्या मदरबोर्डवर चालत नाहीत, आणि इंटेलच्याही सगळ्याच नाही. एएक्स २०० किंवा एएक्स २१० स्वतंत्र आहेत. वायफाय चालू झालं पण ब्लूटूथ नाही, अशी तक्रार पीसीआय एक्स्प्रेस कार्डावर येते. त्याची यूएसबीची बारीक वायर मदरबोर्डच्या यूएसबी २ च्या पिनांना जोडायची राहिलेली असते.

१६. भाच्याने अमेरिकेहून चांगलं अ‍ॅडॅप्टर आणलं. शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात, आमचंच दिसत नाही.

तुमचा राउटर चॅनेल १२ किंवा १३ वर असणार. आपल्याकडे २.४ मध्ये १३ पर्यंत चॅनेलं वापरतात. अमेरिकी बाजारासाठी बनवलेली अनेक अ‍ॅडॅप्टरं ११ वरच थांबतात, त्यामुळे १२ आणि १३ त्यांच्यासाठी नसतातच. चॅनेल ‘ऑटो’वर असेल तर हे नेटवर्क एक दिवस दिसतं, दुसऱ्या दिवशी नाही, आणि माणूस चक्रावून जातो. राउटरचं चॅनेल १, ६ किंवा ११ वर कायम करा.

नाव दिसतंय, पासवर्ड बरोबर आहे, तरीही जोडत नाही, असं असेल तर कारण वेगळं आहे. राउटर फक्त डब्ल्यूपीए ३ या पासवर्ड-सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर असेल तर जुनी अ‍ॅडॅप्टरं त्याला जोडली जात नाहीत. राउटरमध्ये डब्ल्यूपीए २ आणि ३ एकत्र असा पर्याय असतो, तो निवडा. पण नेटवर्क ‘ओपन’, म्हणजे बिनपासवर्डचं, करून बघू नका, अगदी पाच मिनिटांसाठीही नाही.